घागरभर तापी

आमच्या आप्पांना दोन गोष्टींचा भारी गर्व होता, मिशांचा आणि तापीचा. मिशा त्यांच्या स्वतःच्या होत्या, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण तापीही त्यांना घरचीच वाटायची. आमचं गाव खानदेशात, ऐन काठावर. मागच्या दाराने निघालं की बोरीच्या दोन झाडांपलीकडे उतार लागायचा आणि खाली नदी. आप्पा सकाळी तोंड धुवायला जायचे ते नदीवर, आणि कुणाशी वाजलं की रुसून बसायला जायचे तेही नदीवर. माय म्हणायची, माझी सवत बारमाही वाहते, तिच्याशी मी कुठवर भांडू.

गावात पट्टीचे पोहणारे चार, त्यांत आप्पांचा नंबर पहिला, असं आप्पाच सांगायचे. पण ते खोटं नव्हतं. एका पावसाळ्यात कुणाची तरी गाभण म्हैस पलीकडच्या काठावर अडकली होती. नदी दुथडी भरून चाललेली. आप्पा गेले आणि म्हशीच्या शेपटीला धरून तिला घेऊन आले. ही गोष्ट मी इतक्यांदा ऐकली आहे की ती म्हैस मला आमच्या नात्यातलीच वाटते. मलाही त्यांनी पोहायला शिकवलं. त्या काळात आमच्याकडे मुलींना कुणी पाण्यात सोडत नसे. भावकीने नाकं मुरडली, आप्पांनी मिशांवरून हात फिरवला आणि माझ्या पाठीला वाळका भोपळा बांधून मला डोहात ढकललं. मी एकुलती एक. माझ्याआधीची दोन लेकरं गेली होती. हिला निदान नदी नेणार नाही एवढं मी बघतो, असं ते मायला म्हणाले होते.

नदीबद्दलचं त्यांचं शास्त्र एका वाक्याचं होतं. पाणी वरून येतं. पूर यायचा तो उगवतीकडून, म्हणून पात्रात उतरलं की तोंड उगवतीकडे ठेवायचं. तिकडचं आभाळ काळवंडलं, पाण्यात काटक्या-पाचोळा वाढला, रंग बदलला, की जे हातात असेल ते टाकून काठ गाठायचा. मी लहान असताना त्यांनी कितीदा तरी माझी हनुवटी धरून मान तिकडे वळवली असेल. आमच्या गावापुरतं ते शास्त्र सोळा आणे खरं होतं. त्या शास्त्रावर ते पन्नास-पंचावन्न वर्षं बिनघोर जगले.

आप्पा आयुष्यभर अहिराणीच बोलले. मी इथे त्यांचं बोलणं आपल्या नेहमीच्या मराठीत लिहिते आहे. एखाददुसरं वाक्य तसंच ठेवलं आहे, कारण ते बदलायला हात धजत नाही.

माझं लग्न झालं आणि मी सुरतेला आले. साठीच्या दशकाची अखेर होती, तापीवरचं उकाईचं धरण अजून बांधून व्हायचं होतं. आमचे हे उधन्याला एका खात्यात मागावर होते. सुरतेत मागांच्या कारखान्याला खातं म्हणतात. एक खोली, पुढे पडवी, चाळीत दहा बिऱ्हाडं आणि अंगणात एक डंकी, म्हणजे आपला हातपंप. दिवसभर मागांचा खडखडाट. पहिले पंधरा दिवस माझं डोकं उठायचं, मग रविवारी ते बंद झाले की झोप येईना. चाळीत निम्मी माणसं खानदेशातलीच होती, त्यामुळे परक्या ठिकाणी पडलो असं काही वाटलं नाही. फक्त नदी लांब होती. सुरतेतून तापीच वाहते हे मला ठाऊक होतं, पण ती बघायला कुणाला सवड होती?

लग्नाच्या दुसऱ्या वर्षी, मार्गशीर्षात माय गेली. पोटात पाणी झालं होतं, अंगावर सूज होती. तार उशिरा मिळाली. गाडी, मग मोटार, मग बैलगाडी करत मी पोचले तेव्हा राख सावडून झाली होती. आप्पा ओट्यावर बसले होते. मी गळ्यात पडून रडले, त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि काहीच बोलले नाहीत. मला वाटलं होतं ते सांगतील, शेवटी काय म्हणाली, माझं नाव काढलं का. काही नाही. मी विचारलं तर उठून नदीवर गेले. मला तेव्हा फार राग आला होता. मी मनात म्हटलं, बाई मेली तरी यांचं नदीचं वेड सुटत नाही.

मग आखाजी आली. अक्षय तृतीया म्हटलं की तुम्हाला सोनं आठवत असेल. आम्हा खानदेशातल्या बायकांना माहेर आठवतं. सासुरवाशिणीला आणायला घरचं माणूस येतं, त्याला मुराळी म्हणतात. झाडाला झोके बांधतात, गौराईची गाणी होतात, आणि गेलेल्या माणसांच्या नावाने नव्या मातीच्या घागरीत पाणी भरून तिची पूजा करतात. ऐन उन्हाळ्यात गेलेल्या जिवाला गार पाणी मिळावं, एवढाच त्यातला भाव. वर्षाच्या आत गेलेल्या माणसाची घागर तर चुकवायचीच नाही. त्या वर्षी ती मायची होती.

मुराळी म्हणून आप्पाच आले. दुसरं होतं कोण? टापटी लाईनच्या पॅसेंजरने उधन्याला उतरले, खांद्यावर पडशी, तीत सांजोऱ्या. त्या कुणी केल्या होत्या ते मी विचारलं नाही. मला सहावा महिना होता, आणि दवाखान्यातल्या बाईंनी गाडीचा प्रवास करायचा नाही म्हणून बजावलं होतं. हे सांगितल्यावर आप्पा एकदम उसळले. डॉक्टरांचं काय ऐकतेस, त्यांना काय कळतं, चल मी नेतो. मी चकितच झाले. मायच्या दुखण्यात याच माणसाने घड्याळ बघून पुड्या दिल्या होत्या, डॉक्टरचा शब्द खाली पडू दिला नव्हता, असं सगळं गाव सांगत होतं. आता कुणाचंच ऐकायचं नाही असं काहीतरी त्यांच्या डोक्यात बसलं होतं. पण आमच्या यांनी हात जोडले तेव्हा ते गप्प झाले. जावयापुढे त्यांचं चालत नसे.

ठरलं असं, की घागर इथेच भरायची. दुसऱ्या दिवशी आप्पांनी कुंभाराकडे जाऊन दहा-बारा घागरी बोटाने वाजवून बघितल्या, कुंभार वैतागला, तेव्हा एक पसंत पडली. काळीभोर, गोल पोटाची, तोंडाशी अरुंद. मी म्हटलं, आप्पा, सकाळी डंकीवर गर्दी व्हायच्या आत भरून घेऊ. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं मी मायच्या ताटात शिळं वाढायला निघाले होते. ती जन्मभर तापीचं पाणी प्यायली, म्हणाले, तिला मी जमिनीतलं मचूळ पाणी देऊ? इथून तापी जाते ना? मग तापीचंच देणार. आणि काठावरचं नाही, मधल्या धारेचं.

हे रात्रपाळी करून आले होते, डोळे तारवटलेले, तरी त्यांनी समजावून बघितलं. इथली तापी वेगळी आहे, समुद्र जवळ आहे, तिला भरती-ओहोटी असते, पाणी उलटं चढतं. आप्पा हसले. जावयाला दुखवायचं नाही म्हणून मिशीतल्या मिशीत हसले, पण हसलेच. म्हणाले, जावईबापू, भरती समुद्राला येते. नदी उलटी वाहायला लागली तर मी मिशा उतरवून देईन. यांनी माझ्याकडे बघितलं, मी कपाळाला हात लावला. जित्याची खोड, दुसरं काय.

शहरातले घाट आप्पांना चालणार नव्हते. तिथे धोबी, तिथे गटारं, तिथे म्हशी. म्हणून आखाजीच्या सकाळी आम्ही दोघं डुमसकडच्या बसने निघालो आणि मगदल्ल्याच्या अलीकडे, जिथे नदी उघडी होते, तिथे उतरलो. यांची पाळी त्या दिवशी बदलली होती, झोप काढून दुपारपाळीला जायचं होतं, म्हणून ते आले नाहीत. मी का गेले? पोटुशी बाई, वैशाखातलं ऊन, मला काय गरज होती? पण त्या माणसाला एकट्याला सोडवेना. आणि खरं सांगायचं तर मलाही तापी बघायची होती.

बांधावर चढलो आणि दोघंही थांबलो. नदी नव्हतीच. म्हणजे होती, पण लांब, मधोमध, एक चकचकीत पट्टा. अलीकडे सगळा करडा चिखल, त्यावर ऊन पडून डोळे दिपत होते. चिखलाच्या पुढे वाळूचा एक लांबट उंचवटा, आणि त्याच्या पलीकडे धार. आप्पांचा चेहरा फुलला. बघ, म्हणाले, उन्हाळ्यात आटली आहे, आपल्याकडे आटते तशीच. चालत जाऊन चालत येईन.

बांधाखाली बाभळीच्या सावलीत एक मच्छीवाली बाई बसली होती. माझ्या आईच्या वयाची, गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेली. शेजारी टोपली, टोपलीत लेवटा वळवळत होता. हा चिखलात बिळं करून राहणारा मासा, सुरतेत आवडीने खातात. बाजूला एक गुळगुळीत लाकडी फळी. त्या फळीवर एक गुडघा टेकून दुसऱ्या पायाने रेटा देत ही माणसं चिखलावरून घसरत जातात, हे मला नंतर कळलं. तिने आप्पांना धोतर वर खोचताना बघितलं, खांद्यावरची घागर बघितली आणि काय ते ओळखलं.

"काका, नी जाता," ती म्हणाली. "हमणां भरती आवहे."

जाऊ नका, आत्ता भरती येईल. एवढं गुजराती आप्पांनाही समजलं. मी तिला माझ्या मोडक्यातोडक्या गुजरातीत सांगितलं की आईची घागर भरायची आहे. तिने मान हलवली. पाणी तर खारं आहे, म्हणाली, तुमची आई खारं पाणी पिणार का? पाहिजे तर माझ्या घरातलं गोडं पाणी घ्या. आज तीज, अमावास्येनंतरची मोठी भरती, पाणी जितकं लांब जातं तितकंच जोराने येतं. तिने हात करून दाखवलं, तिकडून येतं म्हणून. तो हात मावळतीकडे होता.

मी आप्पांना सगळं सांगितलं. ऐकून घेतलं त्यांनी. मग एकच वाक्य बोलले.

"तापी काय परकी शे का?"

आणि उतरले. मी ओरडून भांडले असते, पण त्या बाईसमोर बापाची शोभा करायला नको वाटलं. आज वाटतं, करायला हवी होती. माणसाची शोभा गेली तर परत येते.

सुरुवातीला सगळं त्यांच्याच म्हणण्याप्रमाणे झालं. चिखल घोट्यापर्यंत, मग पोटरीपर्यंत. मध्ये एक खोलगट नाळ लागली, तीत मांडीपर्यंत गेले, पण निघाले. वाळूच्या उंचवट्यावर चढल्यावर त्यांनी वळून माझ्याकडे हात केला. इतक्या लांबूनही मला दिसलं की ते खूश आहेत. मग पलीकडे उतरून धारेत कमरेपर्यंत उभे राहिले, घागर बुडवली, भरली, खांद्यावर घेतली आणि वाळूवर परत येऊन उभे राहिले. तोंड उगवतीकडे. घागर पायाशी ठेवून हात जोडले. मला वाटलं आता निघतील. निघेनात. आभाळ निरभ्र होतं, वरच्या अंगाला पाणी काचेसारखं शांत होतं, त्यांच्या शास्त्राप्रमाणे भिण्यासारखं काहीही नव्हतं. ते मायशी बोलत होते की काय कोण जाणे, पण बराच वेळ उभे होते.

त्यांच्या पाठीमागून पाणी आलं. आवाज नाही, लाट नाही. आधी चिखलावरचे बगळे उठले. मग मी बघितलं तर ती मधली नाळ, जी ते मांडीभर चिखलातून पार करून गेले होते, ती चमकायला लागली होती. पाणी मावळतीकडून नाळेत शिरलं होतं आणि सरसर वर चढत होतं. पलीकडे धार, अलीकडे नाळ, मध्ये वाळूचा एक तुकडा, आणि त्यावर माझा बाप चढत्या पाण्याकडे पाठ करून उभा. मी हाका मारल्या. वारा माझ्याकडे वाहत होता, त्यांना काही ऐकू जाईना. मच्छीवालीने फळी उचलली आणि ती बांधावरून पळायला लागली. मीही निघाले, तर तिने मागे वळून माझ्या पोटाकडे बोट दाखवलं आणि अशी ओरडली की माझे पाय जागीच थांबले. मला पोहता येत होतं. मला माझ्या बापाने शिकवलं होतं. आणि मी पदर तोंडात धरून काठावर उभी होते.

पायाला पाणी लागलं तेव्हा आप्पा वळले. क्षणभर त्यांना काही उमगलंच नाही, ते आधी पाण्याकडे आणि मग परत उगवतीकडे बघायला लागले, कुठून आलं म्हणून. मग घागर खांद्यावर घेतली आणि नाळेत उतरले. पोहून आले असते, अशा दहा नाळा पोहले असते ते. पण खांद्यावर भरलेली घागर होती आणि खाली गाळ. चार पावलं आले आणि थांबले. एक पाय काढायला जावं तर दुसरा रुततो. आमच्या तापीच्या तळाला वाळू असते, गोटे असतात, पाय टेकला की जमीन लागते. इथे जमीन नव्हतीच. पाणी कमरेला होतं, ते छातीला आलं. ते घागर डोक्यावर घेऊन उभे राहिले.

मच्छीवाली नाळेच्या काठापर्यंत घसरत पोचली होती. ती ओरडत होती, हूई जाओ काका, हूई जाओ, म्हणजे आडवे व्हा. आणि हाताने दाखवत होती की घागर ओता, पालथी करून पोटाखाली घ्या. आप्पांना हे कुणी शिकवायला नको होतं. भोपळा बांधून, घागरीवर पोट टाकून पोहायला त्यांनी निम्म्या गावाला शिकवलं होतं. त्यांना समजत होतं. ते ओतत नव्हते. पाणी गळ्याशी आलं होतं, दोन्ही हात वर, हातांत ती भरलेली घागर, आणि ते ओतत नव्हते.

मी बांधावरून खाली उतरून चिखलाच्या कडेला गेले होते. आता त्यांना माझा आवाज ऐकू जात होता.

"ओता, आप्पा," मी म्हटलं. "मायला मी डंकीचं पाणी देईन. तिला चालेल. मला तुम्ही हवे आहात."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. असं मी त्यांना कुणाकडे बघताना कधी पाहिलं नव्हतं. मग घागर कलती केली. पाणी त्यांच्या तोंडावरून, मिशांवरून, खांद्यावरून खाली गेलं. इतकी हळू ओतली की मला तिथेच त्यांचा गळा धरावासा वाटला. मग घागर पालथी करून छातीखाली घेतली आणि ते पाण्यावर आडवे झाले.

पाय सुटायला वेळ लागला. आधी एक, मग दुसरा. सुटले तसं पाण्याने त्यांना उचललं आणि वर न्यायला लागलं. वर म्हणजे उगवतीकडे, आमच्या गावाच्या दिशेने. तापी उलटी वाहत होती आणि तिच्यावर माझा बाप घागरीला मिठी मारून चालला होता. मच्छीवाली फळीवरून चिखलाच्या कडेकडेने त्यांच्याबरोबर जात राहिली, आणि एका वळणाशी प्रवाह काठाजवळ आला तिथे तिने फळी पुढे सरकवली. आप्पांनी ती धरली. तिने त्यांना ओढत चिखलावर घेतलं, अगदी पोटावर झोपवून, आणि तसेच सरपटत कडेपर्यंत आणलं. घागर त्यांच्या काखेत शाबूत होती.

तिच्या झोपडीत तिने आप्पांना रांजणातल्या पाण्याने धुऊन काढलं. बापई माणसाला परक्या बाईने असं धुवावं आणि त्याने मुकाट उभं राहावं, हे आमच्या भावकीने पाहिलं असतं तर गाव सोडावं लागलं असतं. तिने त्यांना गोडं पाणी प्यायला दिलं, मला गूळ दिला, आणि मला बाजूला घेऊन म्हणाली, त्यांना रागावू नको. मी रागावणार होतेच. माझी भीती रागातूनच बाहेर पडते. पण तिने सांगितल्यामुळे बसमध्ये मी गप्प बसले. आप्पा ओल्या धोतरात, मांडीवर घागर घेऊन, खिडकीबाहेर बघत होते. मिशांत गाळ वाळला होता. माझ्या ओढणाऱ्या पोटावर मी हात ठेवला होता, आणि मनात एकच चाललं होतं, की आज हे गेले असते तर मी कुणाला काय सांगितलं असतं.

घरी आलो तेव्हा बारा कधीच टळून गेले होते. हे पाळीला गेले होते. चाळीत आमरसाचा वास सुटला होता, डंकीवर कुणी नव्हतं. मी घागर तीन पाण्यांनी धुतली, चुळकाभर वाळू निघाली. आप्पा म्हणाले, तू हापसू नको, मी हापसतो. मी घागर धरली. दोन दांडे मारून ते थांबले.

आता मला राहवेना. मी शक्य तेवढ्या हळू विचारलं. पाणी खारं होतं ना? हो, म्हणाले, भरतानाच ओठाला लावलं होतं, कडू खारं. मग कळलं होतं तर ओतलं का नाही? जीव चालला होता, आप्पा. खाऱ्या पाण्यासाठी?

ते डंकीच्या दांड्यावर हात ठेवून उभे राहिले. बघत होते घागरीकडे.

"तिनी पानी मांगं, बेटी," ते म्हणाले. "मनाकडे मांगं. मी दिधं नही."

मग त्यांनी सगळं सांगितलं, जे मार्गशीर्षापासून सांगितलं नव्हतं. डॉक्टरने पाणी बंद केलं होतं. पाण्याने सूज वाढेल, दिवसाकाठी दोन पळ्या, वर थेंब नको. माय दिवसभर मागायची आणि आप्पा तिचे ओठ ओल्या फडक्याने पुसायचे. शेवटच्या दिवशी, ऊन उतरताना, ती म्हणाली, आता द्या, नदीचं द्या, पोटभर द्या. आप्पांनी पेला भरला. तिच्या तोंडापर्यंत नेला. तिने तोंड उघडलं होतं. आणि त्यांना डॉक्टरचा शब्द आठवला. अजून चार दिवस जगेल, बरी होईल, या आशेने त्यांनी तो पेला तिच्या डोळ्यांदेखत खिडकीबाहेर ओतला. दिवा लावायच्या आत ती गेली.

ते माझ्याकडे बघत उभे होते, इतका मोठा माणूस, नदीतून म्हैस ओढून आणणारा, शाळेतल्या पोरासारखा, शिक्षेची वाट बघत. बोल म्हणाले. काहीतरी बोल.

"मी असते तर मीही ओतलंच असतं, आप्पा," मी म्हटलं.

त्यांनी दांड्यावर जोर दिला. पाणी आलं. घागर भरली.

मी खोटं बोलले. मी असते तर डॉक्टर गेला खड्ड्यात म्हणाले असते आणि तिला हवं तेवढं पाणी पाजलं असतं. आप्पा त्यानंतर अकरा वर्षं जगले. त्यांना मी हे कधी कळू दिलं नाही.